दुखणं सोसू नका, गोळीने दाबूही नका

नारपोलीत आम्ही बी.पी. तपासायला घरोघर जातो, तेव्हा आजी-आजोबा म्हणतात, "वय झालं, दुखायचंच." बारा-बारा तास लूमवर उभं राहिलेले गुडघे ते. पण तीन महिन्यांच्या वर टिकलेली वेदना हा स्वतंत्र आजार आहे, त्यावर उपचार आहेत. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली, तेव्हा वेदनेबद्दलही विचारलं. घरात मात्र आपण विचारत नाही.

मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक रोज घेतल्याने पोटात अल्सर होऊ शकतो, किडनी बिघडते, बी.पी. वाढतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चालू ठेवू नका.

झिजलेल्या गुडघ्याला हालचाल हवी. खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचला, पाचपर्यंत मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. झेपेल तेवढं चाला.

दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थांबू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.

आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा: रात्री दुखण्याने जाग येते का?