साहेब रजेवर असताना

आमच्या तालुक्याच्या न्यायालयात न्यायाधीश एकच. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, दोन्ही त्याच खुर्चीत. बांधाचा दावा, पोटगी, दारूबंदीचे खटले, पोलिसांनी आणलेल्या आरोपीचा रिमांड, सगळं त्या एका डायससमोर. त्यामुळे खुर्चीवरची व्यक्ती दीर्घ रजेवर गेली की अख्ख्या तालुक्याचा न्याय तारखेवर जातो.

2016 च्या उन्हाळ्यात आमच्या मॅडम प्रसूती रजेवर गेल्या. रजा 180 दिवसांची, हक्काची, आणि बाररूममध्ये सगळ्यांना दोन-तीन महिने आधीपासून ठाऊक असलेली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे घडलं त्यात त्या रजेचा काही दोष नव्हता. तयारीला भरपूर वेळ होता. ती मी केली नाही.

चार्ज शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे आला. ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत. स्वतःच्या न्यायालयाचं बोर्ड सांभाळून आमचंही ओढायचं, म्हणजे किती ओढणार? आधी रिमांड, मग जामीन, मग तातडीचे अर्ज. जेवणाची सुट्टी होईस्तोवर निम्मा दिवस संपलेला असे. बाकीचे दिवस शिरस्तेदार भाऊसाहेबांच्या टेबलापुढे गर्दी. रोजनाम्यावर 'पीठासीन अधिकारी रजेवर' असा शिक्का बसे, पुढची तारीख पडे आणि माणसं एसटीच्या वेळा विचारत पांगत.

माझी एक पक्षकार होती. नवऱ्यामागे पशुखाद्याचं दुकान एकटीनं चालवणारी बाई. मी तिला ताई म्हणतो. पेंडेच्या उधारीपोटी मिळालेला 1 लाख 80 हजारांचा चेक परत आला, म्हणून एकशे अडतीसची केस. ताईंचं सरतपासाचं शपथपत्र मॅडमसमोर झालं होतं, उलटतपासही. ताई पिंजऱ्यात ताठ उभ्या राहिल्या. उधारीची वही न उघडता तारखा सांगितल्या, कोणत्या गाडीतून किती पोती गेली तेही सांगितलं. मॅडमनी त्याचा गोषवारा दीड पानात लिहून घेतला. खटला संक्षिप्त पद्धतीनं चालला होता, त्यात तसंच करतात. त्या दीड पानाकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

एका शुक्रवारी बोर्ड थोडं हलकं होतं. मी उभा राहून म्हणालो, "साहेब, पुरावा पूर्ण आहे, फक्त युक्तिवाद राहिलाय." समोरच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही. आधीच्या न्यायाधीशांसमोरचा पुरावा वाचून निकाल द्यायला आमची संमती आहे, अशी दोघांच्या सहीची पुरसिस दिली. साहेबांनी माणुसकीनं वेळ काढला, युक्तिवाद ऐकला आणि दोन आठवड्यांनी आरोपीला दोषी ठरवलं. ताईंनी बाररूममध्ये पेढे आणले.

अपिलात सत्र न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि खटला पहिल्यापासून चालवायला परत पाठवला. कारण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. एका दंडाधिकाऱ्यानं नोंदवलेल्या पुराव्यावर त्याच्या जागी आलेला दुसरा दंडाधिकारी काम पुढे नेऊ शकतो, पण संक्षिप्त खटल्यात नाही. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 326 मध्ये होतं, आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 365 मध्ये आहे. गोषवाऱ्यावर निकाल द्यायचा तर साक्षीदार प्रत्यक्ष ऐकणारानंच द्यावा, असा त्यामागचा विचार आहे. आमच्यासारखीच संमतीची पुरसिस दिलेल्या गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2011 सालीच सांगून ठेवलं होतं, की पक्षकारांच्या संमतीनं हा दोष भरून निघत नाही. नितीनभाई शहा विरुद्ध मनुभाई पांचाळ. तो निकाल मी वाचलेला नव्हता.

ताई दुसऱ्यांदा पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तो दिवस मला विसरता येत नाही. दोन वर्षं उलटून गेली होती. या वेळी त्यांना वही लागली. पानं उलटताना बोटं थरथरत होती. तेवीस पोती की सत्तावीस, इथे अडखळल्या आणि समोरच्या वकिलांनी जुनी जबानी पुढे केली. "तेव्हा खोटं बोललात की आता?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला खाली पाहावं लागलं. शेवटी तडजोड झाली. मूळ रकमेतले 50 हजार त्यांनी सोडून दिले.

तेव्हापासून न्यायाधीश दीर्घ रजेवर जाणार हे कळताच मी फायली काढून बसतो, आणि नव्या वकिलांनाही तेच सांगतो. एकशे अडतीसच्या प्रत्येक केसचा रोजनामा वाचा. ती संक्षिप्त चालली आहे की समन्स खटल्यासारखी? पुरावा अर्ध्यावर असेल आणि रजेआधी निकाल होणं शक्य नसेल, तर चेकच्याच कायद्यातल्या कलम 143 खाली समन्स खटल्याप्रमाणे चालवण्याचा रीतसर आदेश मागा. त्या आदेशात कारणं नोंदवली गेली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलं आहे. म्हणून अर्जातच कारणं लिहा. आणि साक्ष पूर्ण, शब्दशः नोंदवली जाते आहे ना, ते तिथल्या तिथे पाहा.

दिवाणी दाव्यात इतकी अडचण नाही. आदेश 18 नियम 15 प्रमाणे नवीन न्यायाधीश आधीच्या पुराव्यावरून पुढे जाऊ शकतात. पण साक्षीदार कसा बोलला, कुठे चाचरला, हे नव्या माणसाला कळत नाही. तुमच्या प्रकरणाचा जीव त्यातच असेल, तर वर्तनाबद्दल शेरा नोंदवण्याची विनंती त्याच क्षणी करा. त्याच आदेशाचा नियम 12 त्यासाठी आहे. युक्तिवाद तोंडी झाला असेल तर लेखीही द्या. लिहून तयार असलेला निकाल नंतर येणारे न्यायाधीश वाचून दाखवू शकतात, पण निकाल लिहिलेलाच नसेल तर युक्तिवाद पुन्हा करावा लागतो.

आणखी एका गोष्टीनं मला पोळलं आहे. बांधाच्या एका दाव्यात 'जैसे थे'चा हुकूम होता, 'पुढील तारखेपर्यंत'. त्या तारखेला डायसवर कोणी नव्हतं. भाऊसाहेबांनी पुढची तारीख दिली, मी डायरीत टिपली आणि निघालो. हुकूम वाढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पक्षकाराचा फोन आला तेव्हा मागे जेसीबीचा आवाज येत होता. बांधावरची आंब्याची दोन झाडं गेली. पुढे आम्ही दावा जिंकलो, पण झाडं तीस वर्षांची होती. तेव्हा रजा जवळ आली असेल तर हुकूम 'पुढील आदेश होईपर्यंत' करून घ्या. ते जमलं नाही तर मुदत संपायच्या आत चार्ज असलेल्या साहेबांच्या न्यायालयात स्वतः अर्ज घेऊन जा. गाडीभाड्याचा विचार करू नका.

वकिलांची तयारी एवढी. पण मूळ दुखणं दोन दिवसांच्या चार्जचं आहे. उच्च न्यायालयात एखादे न्यायाधीश गैरहजर असतील, तर ते परत येईपर्यंत कार्यकारी न्यायाधीश नेमण्याची सोय राज्यघटनेच्या अनुच्छेद 224 मध्ये आहे. निवृत्त न्यायाधीशांना बसवण्यासाठी 224क आहे. आमच्या तालुक्याला मात्र मंगळवार आणि शुक्रवार. सरकारनं मागणी केली तर उच्च न्यायालय एका वेळी जास्तीत जास्त वर्षभरासाठी विशेष न्यायदंडाधिकारी नेमू शकतं, पण त्यांच्याकडे फौजदारी कामच येतं. बांध आणि वाटण्या तशाच पडून राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कनिष्ठ स्तराचे अनेक न्यायाधीश असतात. त्यांतल्या एकाला रजेच्या पूर्ण काळासाठी इथे बसवावं, असं माझं ठाम मत आहे. तात्पुरता असला तरी माणूस रोज डायसवर हवा, आणि त्यानं सुरू केलेली साक्ष त्यालाच संपवता यावी.

हे मागावं लागतं, आणि आकडे हातात घेऊन मागावं लागतं. गेल्या खेपेला आमच्या वकील संघानं रजेच्या दीड महिना आधी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना पत्र दिलं. अर्धवट पुराव्याची प्रकरणं किती, कच्चे कैदी किती, तारखेवर संपणारे मनाई हुकूम किती, सगळं नंबरांसह. यादी करायला चार जण दोन रविवार बसले होते. दोनाऐवजी चार दिवस मिळाले. पाचव्या दिवसासाठीच्या पत्राचा मसुदा आता माझ्या टेबलावर आहे, आणि यादीत अर्धवट साक्षीच्या अकरा फायली आहेत.