मुलांचे खेळ आणि पहिले शील



गेल्या पावसाळ्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळताना मला सापडला. मी मोबाइल हिसकावला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. घटकाभराने त्याने धाकट्या बहिणीला तसाच धपाटा घातला. मी ओरडलो, तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, तुम्हीपण मारलंत ना?" शिक्षक असूनही मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा पाठ प्रथम माझ्यासाठी आहे.

हिंसक खेळांनी व चित्रांनी मुले बिघडतात काय? १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह बालवाडीतील ७२ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीने बडवले. पुढे त्या मुलांपैकी पुष्कळांनी तेच ठोसे आणि तेच शब्द उचलले. १९६३ च्या प्रयोगात हे दृश्य चित्रपटातून दाखवले, तरी तसेच घडले. परंतु बाहुल्याला मारणारे मूल उद्या माणसाला मारील, असे यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली स्पष्ट केले की, हिंसक व्हिडिओ खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो. गंभीर हिंसेचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. मला मात्र त्या प्रयोगातले मोठे माणूसच आठवत राहते. मुलांनी धडा घेतला तो त्याच्याकडून.

सरकार बंदी घालील, या भरवशावर राहू नये. पब्जीवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली ती देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. मुलांच्या मनाचा तेथे प्रश्नच नव्हता. २०२१ साली तो खेळ नव्या नावाने आला, २०२२ साली थांबला आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाला.

आणि आमचे जुने खेळ तरी निष्पाप होते काय? सावर्ड्यात मोबाइल नव्हते तेव्हा आम्ही बेचकीने पाखरे पाडली, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवले. पऱ्यावर कुर्ल्या पकडायला जायचो. कालवणासाठी चार कुर्ल्या घरी यायच्या, ते ठीक. पण एखादीच्या नांग्या मोडून ती कशी चालते ते पाहत हसायचो, ते कशासाठी? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. तो मला या कुर्ल्यांवरून नीट समजला. मुलाच्या हातात काय आहे यापेक्षा त्याला कशात मजा येते आहे, हे आईबापांनी पाहावे.

'उदान' या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून त्यांचे हाल करीत होती. तथागत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मुलांवर हात उगारला नाही. त्यांनी एवढेच विचारले की, मुलांनो, तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, ते तुम्हाला नकोसे वाटते का? मुले हो म्हणाली. पुढचा उपदेश त्या होकारावर उभा आहे. आपण रोज वंदनेच्या वेळी मुलांकडून पहिले शील पाठ म्हणवून घेतो, पण हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारतो? वंदना संपल्यावर पाच मिनिटेही पुरतात.

आता मुलाला संध्याकाळी अर्धा तास मोबाइल मिळतो आणि तेवढा वेळ मी शेजारी बसतो. खेळ मला आवडत नाही, हे त्याला सांगून ठेवले आहे. परवा मी विचारले, "हा मेला, त्याला दुखलं असेल का रे?" तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पप्पा, इथं माणूस मेला की त्याची पेटी होते. दुसरे येऊन त्यातलं सामान घेतात. रडायला कोणीच येत नाही." त्या रात्री जेवताना आम्ही त्याच विषयावर बोलत होतो. धाकटी मध्येच विचारत होती, पेटीतल्या माणसाची आई कुठे आहे म्हणून.