एक जहाज आणि त्याची माणसं

कपाटाचं दार लागत नाही म्हणालीस, पुढच्या महिन्यात सासूबाई भारतातून येणार आहेत आणि अजून दोन खोकी वाटेत आहेत. बरं. आधी पाणी पी. मग फोनवरचं ते लिलावाचं अ‍ॅप महिनाभरासाठी काढून टाक. काढ गं, परत टाकता येतं! आणि रविवारी जुनी चादर अंथरून सगळा पसारा तिच्यावर ओत. एवढ्या भानगडीच्या नोकरीत अख्खी टीम सांभाळतेस तू, ‘स्टार वॉर्स’ची चार खेळणी आवरणार नाहीस होय?

आवरताना मात्र फिगर्स, म्हणजे ती छोटी माणसं, एकीकडे आणि जहाजं दुसरीकडे असं करू नकोस. एकेका जहाजाचा ढीग लाव, त्यातच त्याची माणसं ठेव. त्याला कारण आहे. १९७७ साली सिनेमा आला तेव्हा खेळण्यांचा करार मेगो नावाच्या मोठ्या कंपनीने आधीच नाकारला होता. तो इथे आपल्या ओहायोत, सिनसिनाटीच्या केनरने घेतला. तोवर जी. आय. जो या सैनिक-बाहुल्यासारख्या फिगर्स फूटभर उंच असायच्या. त्या मापाचा हान सोलो बसवायचा तर त्याचं मिलेनियम फाल्कन हे जहाज दिवाणखान्यात मावलं नसतं. म्हणून केनरने माणसंच लहान केली, पावणेचार इंची. म्हणजे बघ, जहाजात बसता यावं म्हणूनच या फिगर्स एवढ्याशा आहेत. जहाजाशिवाय त्यांची ओळ लावून ठेवली की मला ती बसची वाट बघणारी मंडळी वाटतात.

हा हिशोब एकदा धरलास की किती घ्यायचं याची हद्द आपोआप आखली जाते. एक्स-विंग घेतलंस? मग वैमानिकाच्या नारिंगी पोशाखातला ल्यूक घे, झालं. जहाज १९७८ चं, तो ल्यूक त्यानंतरचा, पण जोडी त्यांचीच. मागे बसवलेला आर टू-डी टू दाबला की पंख उघडून फुलीसारखे होतात. ते होत नसतील तर जोर लावू नकोस, आत स्प्रिंग अडकलेली असू शकते. टाय फायटरची बटणं दाबली की पंख सुटून उडतात, तेव्हा सोफ्याखाली बघायची तयारी ठेव. आणि १९७९ चं फाल्कन म्हणशील तर तो अख्खा संसार आहे गं: हान, च्युबाका, बुद्धिबळाचं टेबल, जमिनीखालचा चोरकप्पा, ल्यूकच्या सरावाचा दोरीला लटकणारा चेंडू. तो चेंडू आणि वरची तबकडी हमखास हरवलेली असते. विकणारा ‘पूर्ण आहे’ म्हणाला की या दोन गोष्टींचा फोटो आधी माग.

अपुरं आहे म्हणून मात्र रडत बसू नकोस. खुद्द केनरचीच सुरुवात अपुरी होती. सिनेमा एवढा चालेल असं कुणाला वाटलं होतं? १९७७ च्या नाताळापर्यंत फिगर्स तयारच झाल्या नाहीत. मग त्यांनी चक्क रिकामं खोकं विकलं! आत कागद, चित्रं आणि एक कूपन. ते पोस्टाने पाठवायचं आणि पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर टू-डी टू घरी यायचे. आईबापांनी ते विकत घेतलं आणि पोरांनी वाट पाहिली. तुझ्या फाल्कनला चेंडू नसला तर काय बिघडलं?

आता फसवणुकीचं ऐक, कारण तू भोळी आहेस. फिगर हातात आली की आधी पायाच्या मागे बघ. तिथे बारीक अक्षरात साल आणि मालकीहक्काची खूण असते, बरेचदा हाँगकाँगचं नावही. काही अस्सल फिगर्सवर देशाचं नाव नसतं, तेवढ्यावरून नकली ठरवू नकोस. पण मूळ फिगर बहुतेक खरीच निघते. खोटं असतं ते तिच्या हातातलं. इवल्याशा बंदुका, तलवारी, अंगावरचे झगे हे सगळं पोरांनी हरवलं, आणि आता त्याच्या नव्या नकला ढिगाने मिळतात. ‘पाण्यात तरंगली तर बंदूक खरी’ असं ठामपणे सांगणारे भेटतील. तेवढ्या एका कसोटीवर पैसे टाकू नकोस.

आणि व्हायनलच्या झग्यातल्या जावाच्या वाटेला तर जाऊच नकोस! सिनेमातल्या त्या झगेवाल्या बुटक्याच्या फिगरला पहिल्यांदा व्हायनलचा झगा होता. एवढीशी फिगर, वर तो झगा, फारच स्वस्तातली दिसते म्हणून केनरने लवकरच कापडी झगा दिला. त्यामुळे व्हायनलवाला दुर्मीळ झाला आणि लोक ओबी-वानचा झगा कापून जावाला घालायला लागले. कापडी घे, गोड दिसतो.

बाजारात कशाला भाव येतो त्याला तसाही काही धरबंध नाही. स्नॅगलटूथ नावाचं पात्र केनरने कंबरेपर्यंतच्या फोटोवरून बनवलं. खाली काय आहे ते दिसलंच नाही, म्हणून निळे कपडे, बूट आणि चांगली उंची दिली. पुढे कळलं की तो बुटका, लाल कपड्यांतला. चूक सुधारली, आणि आज ती चुकलेली निळीच सगळ्यांना हवी.

धुण्याबद्दल तू विचारलंसच. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, बस्स. पण हे फिगर्ससाठी आणि कापडी कपडे काढूनच! जहाज बुडवायचं नाही. मी एकदा उत्साहाने एक जहाज सिंकमध्ये बुडवलं होतं. जहाज खालीच राहिलं, स्टिकर तेवढे तरंगत वर आले. तेव्हापासून घरात मला जहाजं पुसायला फक्त ओलसर फडकं मिळतं. बॅटरीचा कप्पा आजच उघडून बघ. पांढरा-हिरवा थर दिसला तर कानाची कापसाची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून हळूच पूस आणि कोरडं कर. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय ते उन्हाने आणि वयाने. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते पांढरं करतात, पण पिवळेपणा परत येऊ शकतो आणि प्लास्टिकची तब्येत बिघडू शकते. मी तर म्हणते राहू दे. फक्त खिडकीतल्या फळीवरून उचल.

किमतीच्या बातम्या वाचून छातीत धडधडतं ना? २०२४ मध्ये एक बोबा फेट ५ लाख २५ हजार डॉलरला गेला, तो दुकानात कधी आलाच नव्हता. पाठीवरून रॉकेट सुटणारी ती फिगर, नमुना म्हणून केलेली. मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ जहाजाचं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं, म्हणून केनरने रॉकेट पक्कं चिकटवूनच फिगर घरोघर पाठवली. हे लक्षात ठेव ते किमतीसाठी नाही. तुझ्याकडे भाचरं येतात, धाकटा अजून सगळं तोंडात घालतो. बंदुका झाकणाच्या डब्यात आणि डबा वरच्या फळीवर. यात ‘बघू’ नाही.

सासूबाईंचं टेन्शन घेऊ नकोस. उलट त्यांना एक काम सांग. तुझ्या नवऱ्याचे लहानपणचे फनस्कूलचे जी. आय. जो अजून माळ्यावर असतील तर घेऊन या म्हणावं. १९८२ मध्ये जी. आय. जोसुद्धा पावणेचार इंची झाला, आणि भारतात बनलेले त्याचे वेगळे रंग इथले लोक हौसेने शोधतात. स्वतःच्या बॅगेतून आणलेल्या खेळण्यांना त्या पसारा म्हणणार नाहीत, बघच तू.

शनिवारी मी येते. बारीक स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे, तू पोह्यांचं बघ. आणि ती वाटेतली दोन खोकी मी आल्याशिवाय उघडू नकोस, काय?