लुईसच्या माळावरील पडक्या खोपी

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात लुईस नावाचे बेट आहे. त्याच्या अंतर्भागात कित्येक मैल ओसाड माळ पसरलेला आहे. मुलांनो, माळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दख्खनची कोरडी, खडकाळ भूमी उभी राहते. लुईसचा माळ तसा नाही. तेथे पाऊस वारंवार पडतो. पाण्याने सदैव भिजलेल्या त्या जमिनीत मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचे थरावर थर साचून काळी, दलदलीसारखी माती बनते. तिला पीट म्हणतात. ती कापून वाळविली म्हणजे चुलीत जळणासारखी जळते. या माळावर वृक्ष जवळजवळ नाहीतच. जिकडे पाहावे तिकडे हेदर नावाचे तपकिरी झुडूप.

अशा माळावरून चालत असता एखाद्या ओढ्याच्या काठी एकाएकी हिरव्यागार गवताचा तुकडा दृष्टीस पडतो. जवळ जावे, तो तेथे लहानसा उंचवटा असतो आणि त्यावर गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती उभ्या असतात. ही गुराख्यांची उन्हाळी खोप होय. बेटावरील लोकांच्या गेलिक भाषेत तिला ‘आरी’ म्हणतात.

लुईसची गावे समुद्रकाठी वसलेली आहेत. गावाजवळच्या शेतांत सातू, ओट आणि बटाटे पिकत. शेतांना कुंपणे नसत. तेव्हा पिके उभी असताना गुरे गावाबाहेर ठेवणे भाग होते. म्हणून उन्हाळा आला की गाई घेऊन माणसे माळावर जात व काही आठवडे तेथेच राहत. पुरुष खोपींची डागडुजी करून गावी परतत. मागे राहत त्या बहुधा स्त्रिया आणि मुले. तुमच्याच वयाच्या मुली पहाटे धारा काढीत, लोणी व चीज तयार करीत आणि ते डोक्यापाठीवरून गावी पोहोचवीत.

खोपीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. भिंती दगडांच्या व गवतासकट कापलेल्या मातीच्या. समोरासमोर दोन दारे. ज्या दिशेने वारा येई ते दार मातीने बुजवीत व दुसरे वापरीत. एका टोकास मातीचा ओटा, त्यावर हेदर अंथरले की बिछाना झाला! भिंतीत दुधाच्या भांड्यांसाठी कोनाडे असत. लाकूड इतके दुर्मिळ, की छपराचे वासे गावाहून वाहून आणीत आणि परतताना पुन्हा घेऊन जात. त्यामुळेच आज तेथे वासा दिसत नाही, कोनाडे मात्र दिसतात.

आणि तो हिरवा रंग? पिढ्यान्‌पिढ्या गुरांचे शेण पडले, चुलीची राख पडली. पडक्या खोपीवरच नवी खोप उभारल्यामुळे मातीचा उंचवटा वाढत गेला. त्या खतावर आजही गवत पोसले जाते. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचा हा मुक्काम गवताने नोंदवून ठेवला आहे. गावांच्या नावांतही काही खुणा आहेत. ‘ग्रिमशाडर’ या नावातील ‘शाडर’ हा शब्द हजार-अकराशे वर्षांपूर्वी आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला आहे. त्याचाही संबंध गुरांच्या कुरणाशीच आहे.

या कुरणांवरून मोठा कलहही झाला. इ. स. १८४४ मध्ये जेम्स मॅथेसन याने सबंध लुईस बेट विकत घेतले. त्याची संपत्ती चीनशी केलेल्या अफूच्या व्यापारातून आली होती, आणि त्या अफूचा मोठा भाग मुंबई बंदरातून जहाजांत चढलेला होता! कोठे मुंबई व कोठे लुईसची कुरणे. पण पैशाची वाट अशी दूरवर जाते. जवळच्या बर्नेरा बेटावरील लोकांची गुरे उन्हाळ्यात लुईसच्या माळावर चरत. त्यांची जुनी कुरणे जमीनदाराच्या कारभाऱ्याने शिकारीच्या रानासाठी काढून घेतली. बदल्यात मिळालेल्या कुरणास त्यांनी श्रमाने दगडी बांध घातला. पुढे १८७४ साली तेही सोडण्याचे हुकूम आले. हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यावर लोकांनी मातीची ढेकळे फेकली. तिघांवर खटला भरण्यात आला. परंतु न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. १८८६ च्या कायद्याने अशा लहान शेतकऱ्यांना जमिनीवरून मनमानेल तसे हुसकावणे बंद झाले.

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर मोठमोठ्या मेंढवाड्यांसाठी डोंगर रिकामे करण्यात आले, तेव्हा तेथील आऱ्या ओस पडल्या. लुईसमध्ये मात्र ही चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. आज माळावर मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या हेदर ओलांडून नेमक्या त्या हिरव्या तुकड्यांवर चरायला जातात.