चित्राचा सातबारा

"मॅडम, कमळ उजव्या हातात आहे."

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, सगळ्या वर्गादेखत, दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा हे बोलला. मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणी उभा होता आणि निळं कमळ खरोखरच त्याच्या उजव्या हातात होतं. मी मात्र आदल्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात त्याच्या 'डाव्या हातातल्या कमळा'वर दीड पान लिहून बसले होते. तो अंक त्या मुलाने वाचला होता. आमचे वार्षिक अंक कुणीच वाचत नाही, अशी माझी तोवर समजूत होती.

पद्मपाणी मी त्याआधी दोनदा पाहिला होता. पण लिहायला बसले तेव्हा समोर लेणं नव्हतं, कपाटातली स्लाइड होती. कधीकाळी कुणीतरी पुस्तकावरून फोटो काढून केलेली, आणि चौकटीत उलटी बसवलेली. पस्तीस मिलिमीटरची स्लाइड प्रोजेक्टरमध्ये आठ प्रकारे घालता येते, त्यांतला एकच बरोबर. म्हणून जुने लोक चौकटीच्या कोपऱ्यात अंगठ्यासाठी लाल ठिपका लावायचे. आमच्या स्लाइडवर ठिपका होता, फक्त तो उलट्या बाजूला होता! मलाही शंका आली नाही, कारण नंतरच्या काळातल्या कितीतरी मूर्तींमध्ये उजवा हात वरदमुद्रेत आणि कमळ डाव्या हातात असतं. चूक माझ्या वाचनाशी जुळत होती, म्हणून ती खपली.

आता स्लाइड गेल्या, पण धोका टळला असं कुणी समजू नये. पानाची मांडणी करणाऱ्याला चेहरा मजकुराकडे वळलेला हवा असतो, आणि तो एका क्लिकमध्ये बोधिसत्त्वाला डावखुरा करून मोकळा होतो. मुद्रितशोधनात मी आता आधी चित्रातले हात तपासते, मग ऱ्हस्वदीर्घ.

रंगांची गत याहून अवघड. 'अजिंठ्याचे रंग' म्हणून आपण जे दाखवतो ते नेमके कशाचे? रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्र-प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या, तर त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. उरलेल्यांची छायाचित्रं आज सर्रास 'अजिंठ्याचं भित्तिचित्र' या नावाने फिरतात. म्हणजे मुलं जी रेषा अभ्यासतात ती कधीकधी मुंबईच्या विद्यार्थ्याची असते. शिवाय १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग धरून राहावेत म्हणून चित्रांवर शेलॅक चढवलं, आणि ते पुढे पिवळं पडलं. तेव्हा फोटो कुठल्या साली काढला हे ठाऊक नसेल, तर त्यातल्या पिवळसर छटेवर एक वाक्यही लिहू नये. मी लिहिली आहेत. कुठे, ते सांगत नाही.

पैशाचा फटका मात्र दुसऱ्याच ठिकाणी बसला. माझ्या पुस्तकात एका दिवंगत चित्रकाराचं चित्र हवं होतं. ज्यांच्या दिवाणखान्यात ते होतं त्या गृहस्थांनी चहा पाजला, फोटो काढू दिला, सहीनिशी पत्रही दिलं. पुस्तक छापून बांधून आलं आणि चित्रकाराच्या नातवाचा फोन आला. चित्र विकत घेतलं की कॅनव्हास आपला होतो, छापण्याचा हक्क आपला होत नाही, हे मी वर्गात शिकवते. तरीही त्या पत्रावर विसंबले. शेवटी ते पान प्रत्येक प्रतीतून कापून नवं चिकटवावं लागलं, आणि तो खर्च माझ्या मानधनातून गेला. नातू चुकला नव्हता.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षकाला शिकवण्यापुरती सूट आहे. वर्गात पडद्यावर दाखवा, प्रश्नपत्रिकेत घाला. तेच चित्र विक्रीच्या पुस्तकात घेताना ही सूट सोबत येते असं धरून चालू नका. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची मुदत कधीच संपली. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत विचारावं लागणार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं कुणालाही, छापायलासुद्धा, खुली केली आहेत. त्यांत आपली लघुचित्रंही आहेत. आधी तिथे शोधा, मग फोन फिरवा.

फोनवरून आठवलं. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते चेपून येतं. नऊशे पिक्सेल रुंदीचं चित्र पडद्यावर छान दिसतं. छपाईत इंचाला तीनशे धरले की ते तीन इंचांचं उरतं, आणि मग छापखानेवाला ते ताणतो.

जमिनीला सातबारा असतो तसा मी आता प्रत्येक चित्राला ठेवते: कुठलं लेणं, कुठली भिंत, मूळ चित्र की प्रत, कुणी केव्हा टिपलं, माझ्याकडे कुठून आलं, कशापुरती परवानगी. हे ज्या दिवशी चित्र हाती येतं त्याच रात्री लिहायचं. लेण्यात शिरण्याआधी क्रमांकाच्या पाटीचा एक फोटो घ्यावा, मग पूर्ण भिंत, मग तपशील. नुसता तपशील घेऊन घरी आलात तर महिन्याभरात तो अनाथ होतो. फ्लॅशला तिथे बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

गेल्या महिन्यात एका जुन्या छायाचित्रकाराच्या घरून स्लाइडचा डबा आला. छायाचित्रकार आता नाहीत. चौदा स्लाइडवर फक्त 'अजिंठा' एवढंच लिहिलंय, तीन बुरशीने खाल्ल्यात, ठिपका एकीवरही नाही. सगळ्यांचे दोन्ही बाजूंनी छापील नमुने काढून घेतले आहेत, भिंतीशी ताडून पाहायला. कमळाची चूक दाखवणारा तो मुलगा आता स्वतः शिकवतो. तोही येणार आहे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवारची गाडी ठरवली आहे.