युनिसेफची वाट अंगणवाडीवरून

‘युनिसेफमध्ये मेगाभरती. दहावी-बारावी पास. पगार डॉलरमध्ये. नोंदणी फी भरा, जागा पक्की करा.’ असा मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरतोच. जवळा बाजारात कुणाच्या मोबाइलवर आला असेल तर सरळ पुसून टाका. युनिसेफ अर्जाला, मुलाखतीला, प्रशिक्षणाला, कशालाच उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे मागितले की समजायचं, पलीकडे युनिसेफ नाही.

मेसेज खोटा असला तरी क्षेत्र खरं आहे. मुलांचं आरोग्य, पोषण, शिक्षण, संरक्षण यांवर जगभर पगारी माणसं काम करतात. युनिसेफ १९४६ साली स्थापन झाली आणि १९४९पासून भारतात आहे. तिचं एक कार्यालय मुंबईतही आहे. सेव्ह द चिल्ड्रन तर १९१९ची. शिवाय १९८९च्या बालहक्क करारात भारत १९९२ साली सामील झाला, त्यामुळे सरकारलाही मुलांसाठी यंत्रणा उभी करावी लागली आणि तिथेही माणसं लागतात. आमच्याकडे येणारे पालक मात्र एकच प्रश्न विचारतात : ‘सर, तिकडं डायरेक्ट कसं जायचं?’

डायरेक्ट जाता येत नाही. महाराष्ट्रातून ज्यांचं काम जगात गेलं त्यांची सुरुवात बघा, म्हणजे पटेल. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या जेरू बिलिमोरिया तेव्हा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवत होत्या आणि रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत होत्या. त्याच कामातून पुढे २००३ साली ॲमस्टरडॅमला चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल उभी राहिली. ‘प्रथम’ १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्या घेऊन सुरू झाली. तिची वाचन शिकवण्याची पद्धत आज आफ्रिकेतल्या शाळांत वापरतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. यातलं काहीच जिनिव्हात सुरू झालेलं नाही.

आता आपल्या भागाकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हाच आकडा ४८ टक्के. ऊसतोडीला जाणारी घरं आपल्याकडे घरोघरच्या ओळखीतली. मुलांचे प्रश्न शिकायला दक्षिण सुदानला जायची गरज नाही; आपल्या औंढा तालुक्यात ते पुरेसे आहेत. हे अभिमानानं सांगायचं नाही, पण शिकणाऱ्यासाठी ते खरं आहे.

कामाची पहिली पायरी जिल्ह्यातच आहे. मिशन वात्सल्य योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. त्यात संरक्षण अधिकारी, विधी तथा परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता अशी पदं असतात. १०९८चं काम २०२३पासून सरकारकडे आलं, तिथेही माणसं लागतात. बहुतेक जागा कंत्राटी. मानधन शिक्षकाच्या पगाराशी तोलू नका, निराश व्हाल. पण तिथे जे शिकायला मिळतं ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

एक नमुना सांगतो. एका मुलीचं लग्न ठरल्याची खबर १०९८वर येते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. तो, अंगणवाडी सेविका, पोलीस आणि कक्षाचा कार्यकर्ता घरी जातात. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढून वय बघतात, आईवडिलांकडून हमीपत्र घेतात आणि मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. खरं काम पुढे असतं : सामाजिक तपासणी अहवाल. कार्यालयात त्याला सगळे नुसतं ‘एसआयआर’ म्हणतात. समितीला तो पंधरा दिवसांत लागतो.

नवखा कार्यकर्ता लिहितो, ‘कुटुंब गरीब आहे, पालक अशिक्षित आहेत.’ जाणता कार्यकर्ता लिहितो की बापाने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती फिटलेली नाही. लग्न झालं की नवरा-बायकोचा एक कोयता वाढतो, म्हणून नवरदेवाकडची घाई आहे. आईवडील कारखान्यावर गेले की मुलगी घरात आजीजवळ राहते आणि आजीला दिसत नाही. पोरीला नववीत परत जायचं आहे. गणित अडतं म्हणून शाळा सुटली, घरच्यांनी सोडवली नव्हती. पहिल्या अहवालावर समिती फार तर समज देऊन मुलीला घरी पाठवील. दुसऱ्या अहवालातून वसतिगृह, गणिताची शिकवणी, दर महिन्याची घरभेट हे सगळं निघतं. बांगलादेशात कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावणीत बसलेला बाल संरक्षण अधिकारीसुद्धा हेच करतो. तिथे त्याला केस मॅनेजमेंट म्हणतात. असे अहवाल लिहिलेला माणूस मुलाखतीला बसला की पाच मिनिटांत ओळखू येतो.

आणखी एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेवा. अडचणीतल्या मुलांबरोबर सेल्फी काढून स्टेटसला ठेवायचे नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४खाली अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि आंतरराष्ट्रीय संस्था नेमणुकीआधी उमेदवाराची मागची वागणूक कसून तपासतात.

शिक्षणाचं म्हणाल तर एमएसडब्ल्यू हा सरळ रस्ता. टाटा संस्थेचं एक संकुल तुळजापूरला आहे, म्हणजे मराठवाड्यातच. टाटाच्या प्रवेशासाठी सीयूईटी द्यावी लागते. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आणि मुंबईचं निर्मला निकेतन ही जुनी, नावाजलेली नावं. पण सगळ्यांनीच समाजकार्य घ्यावं असं अजिबात नाही. आकड्यांत रमणाऱ्या मुलाने देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचा विचार करावा. वर सांगितलेलं सर्वेक्षण तीच संस्था करते. परिचारिका, आहारतज्ज्ञ, पाणीपुरवठ्याचा अनुभव असलेला सिव्हिल इंजिनिअर, हिशेब चोख ठेवणारा बीकॉमवाला, हे सगळे युनिसेफला लागतात. लसी आणि औषधं जगभर पोचवणारा तिचा पुरवठा विभाग कोपनहेगनला आहे. तिथे खरेदी आणि वाहतूक जाणणाऱ्यांचंच काम.

पुढची शिडी अनुभवावर चालते. राष्ट्रीय पदं त्या त्या देशाच्या नागरिकांसाठी असतात. सुरुवातीच्या पदाला वर्ष-दोन वर्षांचा अनुभव मागतात. आंतरराष्ट्रीय पदांत पी-२ या श्रेणीला साधारण दोन वर्षं आणि त्यावरच्या पी-३ला पाच. शिकत असलेल्यांसाठी इंटर्नशिप आहे, आणि १८ ते २६ वयाच्या मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात फुकट नाव नोंदवता येतं. इंग्रजी बोलण्यापेक्षा इंग्रजीत दोन पानं स्वच्छ लिहिता येणं महत्त्वाचं. त्यानंतर वेळ असेल तर फ्रेंच शिका. आफ्रिकेतल्या अनेक देशांत फ्रेंचशिवाय पान हलत नाही.

कन्सल्टन्सीबद्दल पालकांच्या मनात फार मोठा घोळ असतो. कन्सल्टंट म्हणजे वरचा साहेब नव्हे. ठरावीक काम ठरावीक मुदतीत करून देणारा माणूस. संस्था कामाचा तपशील जाहीर करते, त्याला टीओआर म्हणतात. समजा, चार जिल्ह्यांतल्या अंगणवाडी प्रशिक्षणाचं तीन महिन्यांत मूल्यमापन करायचं आहे. तुम्ही काम कसं करणार आणि किती पैसे घेणार ते लिहून द्यायचं. पहिला मसुदा दिला की एक हप्ता, अंतिम अहवाल मंजूर झाला की उरलेले. भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, कर आपला आपण भरायचा, आणि काम संपलं की पुढचं शोधायचं. आकडा मोठा दिसतो, पण मधले रिकामे महिने त्यात धरलेले नसतात. माझं स्पष्ट मत आहे की दहाएक वर्षं काम केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. घरावर कर्ज असेल तर नाहीच.

मुलीच्या आईचा प्रश्न बहुधा शेवटी, हळू आवाजात येतो : ‘एवढ्या लांब, युद्धाच्या ठिकाणी पाठवतात का हो?’ पाठवतात, पण सक्तीने नाही. प्रत्येक जागेची जाहिरात वेगळी असते आणि ठिकाण त्यात लिहिलेलं असतं. जिथे कुटुंब नेता येत नाही अशी ठिकाणं जाहीर असतात आणि तिथे काम करणाऱ्यांना ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीची सुटी देतात. सगळं आयुष्य याच कामात, पण महाराष्ट्रातच काढणारे लोकही भरपूर आहेत.

दहावी-बारावीच्या सुटीत करण्यासारखं एक काम मात्र आजच सांगून ठेवतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ लागलेलं तर कुठे गळलेलं, जन्मतारीख शाळेत घालताना अंदाजाने टाकलेली, असं आपल्याकडे फार असतं. परदेशी संस्थेचा अर्ज, पासपोर्ट आणि पदवी यांवरचं नाव जुळलं नाही की हातची संधी महिनोन्महिने अडकते. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार हे समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर बोर्डाच्या निकालाआधी शाळेतच दुरुस्त करून घ्या. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे यांत वर्ष जातं.