साखर उतरली, पण कशाने?

सोलापूरच्या मुरमाड माळावर तरवड भरपूर. पिवळ्या फुलांचा हा तरवड तामिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात मधुमेहावरच्या काढ्यात वापरतात. साहजिकच आमच्याकडचे एम.फार्म.चे विद्यार्थी प्रबंधासाठी तो निवडतात. मी औषधशास्त्र शिकवते. अशाच एका प्रबंधाची आकडेवारी माझ्याकडे तपासायला आली होती. ॲलोक्सान टोचून मधुमेही केलेल्या उंदरांना फुलांचा अर्क दिला होता आणि दोन आठवड्यांत त्यांची साखर निम्म्यावर आली होती. आलेख देखणा होता. मात्र अर्क न दिलेल्या मधुमेही उंदरांची साखर फक्त पहिल्या दिवशी मोजलेली. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग, म्हणून वाचवलेल्या. प्रयोग पुन्हा करावा लागला. या वेळी अर्काचा थेंबही न मिळालेल्या काही उंदरांची साखर आपोआप खाली आली. पहिल्या खेपेचे उंदीर हकनाक गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

ॲलोक्सानने स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मरतात, पण सगळ्याच मरतील असे नाही. उरलेल्या सावरतात आणि श्रेय अर्काला जाते. म्हणून बिनऔषधी मधुमेही गटाची साखर शेवटच्या दिवसापर्यंत, इतरांच्याच वेळी, तितक्याच तासांच्या उपाशीपोटी मोजा. पट्ट्या कमी असतील तर अर्काचा एखादा डोस गाळा, हा गट गाळू नका. ग्लिबेनक्लामाइडच्या गटाकडेही नीट पाहा. ते औषध जिवंत बीटा पेशींकडूनच इन्सुलिन काढून घेते. त्याने साखर उतरली, तर पेशी शिल्लक आहेत आणि उंदीर आपणहून बरे होण्याची शक्यताही आहे.

दुसरी फसगत खाण्याची. कडू, तुरट अर्काने उंदराचे पोट बिघडले की तो खात नाही, आणि न खाणाऱ्याची साखर उतरतेच. रोजचे खाणे आणि वजन नोंदवलेले नसेल, तर हा फरक नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार करा. ॲलोक्सान पाण्यात विरघळल्यावर फार लवकर निकामी होते. टोचण्याच्या अगदी आधी, थंड सलाइनमध्येच ते तयार करा. टोचल्यावर काही तासांनी मरणाऱ्या पेशींतून इन्सुलिन एकदम बाहेर पडते, साखर कोसळते आणि उंदीर रात्रीतच दगावतात. त्या रात्री पिंजऱ्यात साध्या पाण्याऐवजी ग्लुकोजचे पाणी ठेवा. 72 तासांनी साखर मोजून, 250 मिलिग्रॅमच्या वर स्थिरावलेलेच उंदीर घ्या आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडा. प्राणी नैतिकता समितीची परवानगी या सगळ्याच्या आधी हवी. अर्जात उंदरांची संख्या लिहिताना ती का लागते, याचा हिशेब मांडा.

निकाल चांगला आला की नातेवाईक, शेजारी फुले मागायला येतात. त्यांना मी सांगते, की चालू गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका, आणि काढा घेणारच असाल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीच्या जोडीला काढ्यानेही साखर उतरवली, तर माणसालाही चक्कर येऊन तो पडू शकतो.